रिकाम्या टाकीचा दिवस

अकरा दिवस आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि अकरा दिवसांत मी दुसरं काही धड ऐकलेलं नव्हतं. कचेरीत समोरचा माणूस उताऱ्याची नक्कल मागायचा, मी मान हलवायचो, हात कपाटाकडे जायचा, आणि कानात थेंब पडायचा. घरापासून कचेरी चांगली मैलभर लांब. तिथपर्यंत नळाचा आवाज येत नाही हे मला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत मी अडकून राहायचो. मधलं अंतर सारखं असतं तर सवय तरी झाली असती. ते सारखं नव्हतं. कधी लगोलग दोन पडायचे, कधी इतका वेळ पडायचा नाही की वाटायचं, बंद झाला. मी श्वास सोडायचो आणि तेवढ्यात पडायचा. उषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खाली तांब्या ठेवला होता. भरलेला तांब्या ती तुळशीला घालायची. आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात थेंबसुद्धा कोणी मोरीत जाऊ देत नाही. तांब्या रिकामा असला की आवाज वेगळा, अर्धा भरला की वेगळा. तांब्यात किती पाणी आहे ते मी पलंगावरून सांगू शकत होतो. या वयात हे एक नवीनच ज्ञान पदरात पडलं.

उषा चार दिवस गप्प राहिली, मग बोलायला लागली. "सगळ्या तालुक्याचे कागद तुम्ही नीट लावता म्हणं. घरचा एक नळ लागंना. दिव्याखाली अंधार." मी म्हणालो, "करतो." ती म्हणाली, "कवा करता? न्हाई तर त्या रखमाजीला बोलवा, पाच मिन्टाचं काम." मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "रखमाजीला बोलवायचं न्हाई. मीच करणार." ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात कधी खिळा ठोकलेला नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? माझं मलाही आश्चर्य वाटलं. रखमाजी गल्लीच्या टोकाला राहतो, कामाला वाईट नाही, हाक मारली की येतो. पण हा नळ याआधी एकदाच गळला होता, आठ वर्षांपूर्वी, आणि त्या वेळी रखमाजीला बोलावलं होतं. त्या दिवसाची आठवण मी बरीच वर्षं दाबून ठेवली होती. नळ पुन्हा गळायला लागला तशी तीही गळायला लागली. खरं सांगायचं तर अकरा दिवस मी थेंब ऐकत नव्हतो, माझंच एक वाक्य ऐकत होतो.

आमच्याकडे नळ दुरुस्त करायचा म्हणजे मुहूर्त बघावा लागतो. गच्चीवरच्या टाकीचा कॉक अलीकडे गंजून इतका बसला आहे की तो फिरवायला गेलं तर पाइपच हातात येईल. तेव्हा टाकी आपोआप रिकामी होईल तो दिवस धरायचा, म्हणजे पाणी यायचा दिवस. सकाळी टाकी आटते, दुपारी चारच्या सुमारास पाणी येतं, आमची गल्ली उताराला असल्यामुळे ते थेट वर टाकीत चढतं. मधल्या पाच-सहा तासांत नळ उघडायचा, आतली चकती, म्हणजे वायसर, बदलायची आणि नळ बसवायचा. तेवढ्यात जमलं नाही तर वर चढलेलं पाणी उघड्या नळातून खाली येणार आणि पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन उभं राहायचं. मागचा असा दिवस मी हयगयीत घालवला होता. ह्या खेपेला रविवार आला. सत्याण्णव सालचा तो मार्च महिना, अकरा वाजताच गल्लीतले पत्रे तापलेले. शनिवारी मी रबरी वायसर आणून ठेवला होता, शेजारच्या दुर्गाबाईंकडून पाना आणि पकड मागून घेतली होती. लुंगी खोचून मी ओट्यापुढे उभा राहिलो. उषा दारात बसून गहू निवडत होती, म्हणजे गहू निवडण्याचं निमित्त करून माझ्याकडे बघत होती.

आठ वर्षांपूर्वी आबा आले होते तोही असाच उन्हाळा लागायचा काळ होता. गावाकडून, कुंभार पिंपळगावहून, एस.टी.नं आले, पिशवीत शेंगा, कमरेला चंची, पायात गावच्या चांभारानं शिवलेल्या दोन तळांच्या जाड वहाणा. माझे वडील, नाव कडूबा. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आजीनं मुद्दाम असं नाव ठेवलं, की यमानं तोंड वाकडं करून पुढं जावं. तो गेलाही, सत्तर वर्षं. आबा माझ्या घरी कधी राहत नसत. ह्या खेपेला म्हणाले, पाडव्यापर्यंत राहतो. मला बरं वाटलं आणि थोडं अवघडही वाटलं. आबा दारातच वहाणा काढायचे आणि परत त्यांच्याकडे बघायचे, नीट बाजूला लागल्या आहेत ना, कोणाच्या वाटेत नाहीत ना. पोराच्या घरात बापानं इतकं जपून वागावं हे बघून मला त्यांचाच राग यायचा. राग कशाचा हे तेव्हा कळलं नाही. दिवसभर त्यांना काही काम नसे. अंगण झाडायचे, ते झाडलेलंच असायचं. सुंभाची खाट उकलून पुन्हा विणली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून नळाकडे बघत होते. मी घाईत होतो. संध्याकाळी आमचे साहेब जेवायला येणार होते, आणि उषानं आधीच दोनदा सांगितलं होतं की नळ गळतोय, साहेबांच्या देखत बरं दिसत नाही. आबा म्हणाले, "संपत, ह्याचा वायसर गेलाय. मी बसवून देतो. जल्मभर मोटंला ठिगळं लावली, ह्याला कितीक येळ लागतो?" आणि ते उठायलाही लागले, गुडघ्यावर हात ठेवून. मी शर्टाची गुंडी लावत होतो. मी म्हणालो, "आबा, ही मोट न्हाई. हात लावू नका. इथं तुमचं काई काम न्हाई."

हेच ते वाक्य. बोललो तेव्हा त्यात काही वाटलं नाही. घाईत माणूस बोलतो तसं बोललो. आबा परत खाली बसले. कचेरीत जाऊन मी शिपायाच्या हातानं रखमाजीला निरोप धाडला, की दुपारी घरी जाऊन नळ करून ये. संध्याकाळी आलो तर नळ गप्प. एक थेंब नाही. साहेब आले, जेवायला बसले, खुशीत होते. बाहेरच्या खोलीत आबा खाटेवर एका कडेला बसले होते, पाय पोटाशी घेऊन. मी बोलण्याच्या भरात साहेबांना नळाची गोष्ट सांगितली, वडील म्हणतात मोटेसारखा नळ शिवतो, आणि हसलो. साहेबही हसले. मग मी आबांकडे वळून म्हणालो, "बघितलं का आबा? जाणत्या माणसानं केलं की काम असं होतं." आबांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट थोडं हसल्यासारखं होतं, त्या हसण्याचा अर्थ मला आठ वर्षं लागला नाही. म्हणाले, "बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी ते गेले. पाडव्याला बारा दिवस होते. भर दुपारच्या गाडीनं गेले, काही केल्या थांबले नाहीत. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. रस्ता तापलेला होता आणि आबा डावी टाच टेकवत नव्हते, चवड्यावर चालत होते. मी विचारलं, "पाय दुखून राह्यला का?" ते म्हणाले, "न्हाई रं. सवय." मी मनाशी म्हणालो, वय झालं. गाडीत बसले, खिडकीतून हात केला, चंची सोडून सुपारी काढली. तेवढंच शेवटचं. श्रावणात ते गेले. मी पोचलो तेव्हा दारात त्यांच्या वहाणा तशाच होत्या, नीट बाजूला लावलेल्या. माझी आई झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघालो तेव्हा तिनं वहाणा माझ्याकडे दिल्या, गेलेल्या माणसाचं घरात ठेवत नाहीत म्हणून, आणि डाव्या वहाणेच्या टाचेत बोट घालून विचारलं, "हे भोक कशाचं रं?" आठ आण्याएवढं भोक, कडा दातरल्यासारखी. मी म्हणालो, "उंदरानं कुरतडलं असंल." ती म्हणाली, "उंदीर बरा गोल कुरतडतो." एवढ्या दुःखात मला तिचा राग आला होता. नदीकाठी कपड्यांबरोबर त्या वहाणा ठेवून मी परत आलो, मागं वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही.

त्यानंतर हे घर एकट्या माझं झालं. म्हणजे होतंच माझं, पण त्या दिवसापासून मला रोज कुठेतरी टोचायचं की ह्या घरात बापाचं काही नाही. खाट होती, तिचा सुंभ कुजला, टाकून दिली. शेंगा खाल्ल्या. त्यांनी द्यायला हात पुढं केला आणि मी तो माघारी लावला, इथं तुमचं काम नाही. ते रागावून गेले की नुसते गेले? माफी मागायची तर माणूस नाही, आणि विचारायचं कोणाला? गावाकडच्या भावाकडे एकदा विषय काढला तर तो म्हणाला, आबा काही बोलले नाहीत, तुझ्या घराचं कौतुक करत होते. कौतुक करत होते म्हटल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. एकदा चहाच्या टपरीवर रखमाजी भेटला होता, आबा जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. मी म्हणालो, त्या दिवशी नळाचं काम मस्त केलंस गड्या. तो माझ्याकडे बघून नुसता हसला आणि बशीत चहा ओतायला लागला. तेव्हासुद्धा मला काही शंका आली नाही. कागद वाचून वाचून माणसाची नजर अशी होते, शिक्का असला की खालचं बघत नाही.

पाना घसरत होता. पितळ काळं पडून घट्ट बसलं होतं. उषा म्हणाली, "फडकं गुंडाळा, मंग धरा." मी फडकं गुंडाळलं, अंगाचा भार टाकला, बोटं सोलली, पण नळाचं डोकं हलेना. घाम डोळ्यांत गेला. शेवटी मी ओट्यावर गुडघा टेकवला आणि दोन्ही हातांनी ओढला तेव्हा ते कुरकुरलं आणि फिरलं. पाइपात उरलेलं ओंजळभर पाणी तांब्यात पडलं आणि नळ एकदम मुका झाला. अकरा दिवसांत पहिल्यांदा शांत. त्या शांततेनं मला बरं वाटायला हवं होतं. पण परक्याच्या घराचं कुलूप उघडल्यासारखं वाटत होतं. आटे फिरवत मी दांडी बाहेर काढली. तिच्या तळाशी चकती होती. मला वाटलं होतं रबर असेल, रखमाजी रबराचंच लावतो. ही काळी, फुगलेली, गुळगुळीत होती. अंगठ्यानं दाबली तर दबली आणि पाणी सुटलं. मी ती सोडवून खिडकीच्या उजेडात धरली. कातडं होतं. जाड, दोन पदरी. मध्ये स्क्रूचं भोक, आणि कडेला सगळीकडून बारीक बारीक खाचा, खिळ्यानं एकाशेजारी एक टोचून गोल पाडल्यावर राहतात तशा. एका बाजूनं मेणाच्या दोऱ्याचा अर्धा टाका अजून आत रुतलेला होता. मी नाकाशी नेली. आठ वर्षं पाण्यात राहूनही वास गेला नव्हता. विहिरीच्या थारोळ्यात मोट रिकामी व्हायची तेव्हा यायचा तोच वास.

मला आईचं बोट दिसलं, वहाणेच्या टाचेत घातलेलं. मग तापलेला रस्ता दिसला.

मी उषाकडे बघितलं. तिनं गव्हाचं सूप खाली ठेवलं होतं. माझ्या हातात काय आहे हे तिला बघायचीही गरज पडली नाही.

"रखमाजी आल्ता का त्या दिवशी?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "रखमाजी त्याच्या सासरवाडीला लग्नाला गेल्ता. निरोप त्याच्या घरीच पडून राह्यला. दोन वाजले तरी कुनी येईना. मी रडकुंडीला आले. तुम्ही संध्याकाळी आले असते आन् नळ गळताना दिसला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. मामंजी म्हनले, बाई, खिळा हाय का घरात? बत्ता दे. मी म्हनले, चामडं कुठून आनायचं? तर त्यायनी दारातून वहाण उचलून आनली. मी म्हनले, मामंजी, वहाणेचं नका करू. तर म्हनले, दोन तळ हायेत पोरी, एवढं काय व्हतं. उलथी घातली, एक तळ पातळ पडला म्हनून खिळ्यानं भोकं पाडत पाडत दोन्हीतून आरपार गोल काढला, आन् चंचीतला अडकित्ता घेऊन कडा कातरल्या. सुपारी कातरावी तशा. मंग तुमच्यासारखंच फडकं गुंडाळून..."

"आन् मला आठ वर्षं सांगितलं न्हाई."

"त्यायनीच सांगितलं, सांगू नको. म्हनले, त्याला वाटू दे मिस्तरीनं केलं. साहेब येनार हायेत, त्याचं मन नको मोडायला. मी वाट बघून राह्यले होते की चार दिसांनी सांगावं. तर तुम्ही रात्री जेवताना तसं बोलले, जाणत्या माणसानं... मी आत पोळ्या करून राह्यले होते. माझ्या हातातली पोळी करपली. आन् मंग ते श्रावणात गेलेच. त्याच्यानंतर मी कोन्त्या तोंडानं सांगू? तुम्ही तर आबांचं नाव निघालं की उठून बाहेर जाता." मग हळू म्हणाली, "मला लई येळा वाटलं, पानी पिताना. बिलकुल चैन पडत न्हवती."

आपण रोज ह्यातून पाणी प्यालो, असं मी म्हणालो की नुसतं मनात आलं, आठवत नाही. तिनं मात्र उत्तर दिलं. "मोटंचं न्हाई का प्यालो जल्मभर? त्यानं कोन बाटलं?"

घड्याळात पावणेदोन झाले होते. मला बसून राहायचं होतं, पण चार वाजता पाणी येणार होतं आणि त्याला आमच्या घरातल्या दुःखाशी कर्तव्य नव्हतं. मी चकती ओट्यावर ठेवली आणि रबरी वायसर दांडीला लावून बघितला. तो नखभर मोठा निघाला. आत उतरेचना. विळीवर कडा कापली तर वाकडी कापली गेली, आणि नळ घट्ट केल्यावर उषानं वर टाकीत घागरभर पाणी ओतून बघितलं तर धारच लागली. मी तसाच बाहेर पडलो. दुकान बंद होतं. दुसरं बंद होतं. तिसऱ्याच्या फळीवर माणूस झोपला होता, तो म्हणाला, मालक सोयरिकीला गेला, उद्या या. परत येताना पारापाशी सावलीला उभा राहिलो आणि माझी मलाच न कळत नजर पायांकडे गेली. सँडल होती. वर रेक्झिन, खाली रबर, मध्ये स्पंज. माझ्या अख्ख्या अंगावर कुणाच्या नळाला पुरेल एवढं कातडं नव्हतं. मी डावी सँडल काढली आणि टाच रस्त्यावर टेकवून बघितली. आठ-दहा मोजेपर्यंत टिकलो. इथून स्टँड पाऊण मैल आहे. मी शेजारून चालत होतो, आणि पाय दुखतो का म्हणून विचारलं होतं. एका बाईनं डोक्यावरचं ओझं सावरत माझ्याकडे बघितलं तेव्हा मी सँडल घातली.

घरी आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. उषानं पातेली, घागरी, बादल्या मांडून ठेवल्या होत्या, पाण्याच्या दिवशी मांडतो तशा. ती म्हणाली, "मिळाला का?" मी मान हलवली. ओट्यावर चकती वाळायला लागली होती. तिचा काळेपणा जाऊन कडेनं जुना तांबूस रंग दिसत होता. मी ती हातात घेतली आणि उलटसुलट केली. ज्या बाजूनं ती नळाच्या बैठकीवर दाबली जायची तिथं गोल खोलगट चरा पडला होता, आठ वर्षांचा. दुसरी बाजू सपाट होती, जशी टाचेतून निघाली तशी. आमच्या मोटेचा तळ एका अंगानं झिजला की आबा चामडं फेकून देत नसत, उसवून उलटं शिवायचे. मी पोरगा असताना टोक धरायला बसवायचे आणि म्हणायचे, एका अंगानं झिजलं म्हंजी मेलं न्हाई. मला तेव्हा ते काम म्हणजे शिक्षा वाटायची. शाळेत सर म्हणायचे हाताला वास कसला येतो. म्हणून तर मी इतका शिकलो.

चकती उलटी करून मी दांडीला लावली. ती बसली. नखभर कमी नाही, जास्त नाही. स्क्रू आवळताना उषानं न सांगता येऊन फडकं धरलं. आट्यांवर सुताचा दोरा गुंडाळला, डोकं फिरवत आत घातलं, पाना लावला. सगळं झाल्यावर मी नळ बंद केला आणि आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो. करायला काहीच उरलं नव्हतं. मला भीती वाटत होती. नळ गळेल ह्याची नव्हे. गळला तर उद्या दुकान उघडेल, रखमाजी येईल, रबर बसेल, आणि ही चकती कचऱ्यात जाईल, त्याची.

चारला दहा कमी असताना पाइपात हवा घरघरली. मग वर टाकीत पहिलं पाणी आपटलं, रिकाम्या टाकीत आपटतं तसं मोठ्यानं. हळूहळू तो आवाज भरत गेला. उषा नळाच्या तोंडाखाली तळहात धरून उभी होती. मी तिच्या हाताकडे बघत होतो. एक थेंब तोंडाशी जमला, फुगला, लोंबला. पडला. दुसरा जमायला लागला, आणि तसाच राहिला. चामडं पाणी प्यायला थोडा वेळ घेतं, हे मला माहीत होतं. कोणी शिकवलं हेही माहीत होतं. आम्ही किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. गल्लीत सगळीकडे घागरींचे आवाज चालू झाले होते, आणि आमच्याकडे मात्र काहीच वाजत नव्हतं.

"ऱ्हायला की," उषा म्हणाली. तिच्या तळहातावर एकच थेंब होता.

"जाणत्या माणसानं केलं की काम असं होतं," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून मुद्दाम निघालं नाही. आठ वर्षांपूर्वीचे तेच शब्द, त्याच क्रमानं. ह्या खेपेला खरे होते. मी बोलून गेलो आणि बाहेरच्या खोलीकडे बघितलं, जिथं तेव्हा खाट होती तिकडे. तिथं आता दिवाण आहे, त्यावर धुतलेले कपडे पडले होते. मी तरी तिकडेच बघत राहिलो. कोणी तरी बराबर हाय म्हणावं एवढंच मला हवं होतं.

उषानं पातेलं नळाखाली ठेवलं, तोटीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सोडू?"

मी तोटीवरच्या तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणालो, "सोड. पण हळू सोड."